ग्रंथालयीन खाते, डिजिटल साधने आणि शोधभांडार : तौलनिक साहित्याभ्यासाच्या दृष्टीने एक विचार

तौलनिक साहित्याभ्यासावरील प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात पूर्वसंशोधनाचा आढावा घेतल्यानंतर बहुधा एक विधान येते : प्रस्तुत विषयावर आजवर संशोधन झालेले नाही. प्रबंधाचे प्रयोजन, त्याची नवीनता आणि पुष्कळदा त्याची मर्यादाही या एका विधानावर उभी असते. पूर्वी या विधानामागे पत्रसूचींचे खण, विभागीय ग्रंथालयांतील कपाटे आणि ज्येष्ठ अभ्यासकांशी झालेला पत्रव्यवहार असे. आज त्यामागे अनेकदा शोधचौकटीत टंकलेला एखादा शब्द आणि 'काहीही आढळले नाही' हे उत्तर एवढेच असते. हे उत्तर नेमके कशाविषयी असते, ग्रंथाच्या अभावाविषयी की नोंदीच्या अभावाविषयी, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. दोन वा अधिक भाषांमध्ये, म्हणजेच दोन वा अधिक लिप्यांमध्ये वावरणाऱ्या अभ्यासकाला तो टाळता येणार नाही. महाराष्ट्राबाहेरील विद्यापीठांत मराठीचा अभ्यास करणाऱ्याला तर तो विशेषच महत्त्वाचा आहे, कारण त्याच्या जवळच्या ग्रंथालयात मराठी ग्रंथांची मांडणी थोडी असते आणि डिजिटल साधनांवरील त्याचे अवलंबित्व अधिक असते.

१. खाते आणि प्रवेशाचे स्तर

विद्यापीठात नाव नोंदविल्यावर मिळणारे ग्रंथालयाचे खाते ही एकच वस्तू आहे असे वाटते. वस्तुतः त्यात तीन वेगळ्या व्यवस्था असतात. पहिली देवघेवीची. कोहा किंवा सोल यांसारख्या ग्रंथालयीन संगणकप्रणालीत अभ्यासकाच्या सभासद-क्रमांकावर नेलेल्या ग्रंथांची, मुदतवाढीची आणि आरक्षणाची नोंद होते. दुसरी व्यवस्था वर्गणीच्या साधनांची. नियतकालिके व संदर्भकोश यांची वर्गणी संस्था भरते. परिसरात असताना संगणकजालाच्या क्रमांकावरून संस्थेची ओळख पटते, परिसराबाहेरून मात्र ती वेगळ्या मार्गाने पटवून द्यावी लागते. त्यासाठी काही विद्यापीठे मध्यस्थ संगणक वापरतात, तर काही इन्फ्लिबनेट केंद्राच्या 'इन्फेड' या सामायिक ओळखव्यवस्थेत सामील झालेली आहेत. तिसरी व्यवस्था वैयक्तिक खात्याची. अनेक डिजिटल संग्रह वाचकाला स्वतःच्या नावाने खाते उघडू देतात आणि त्यात जपून ठेवलेल्या लेखांची यादी राहते.

दुसऱ्या व तिसऱ्या व्यवस्थेतील भेद लक्षात न आल्यामुळे एक नेहमीची चूक घडते. अभ्यासक घरून वैयक्तिक खात्याने प्रवेश करतो, लेखाखाली किंमत दिसते आणि आपल्या ग्रंथालयाकडे हे नियतकालिक नाही असा निष्कर्ष तो काढतो. प्रत्यक्षात त्याने संस्थेच्या मार्गाने प्रवेश केलेलाच नसतो. म्हणून कोणत्याही संग्रहात शिरताना प्रथम संस्थेच्या नावाने ओळख पटवावी आणि त्यानंतर वैयक्तिक खाते उघडावे.

वर्गणीची राष्ट्रीय चौकट गेल्या दोन दशकांत अनेकदा बदलली. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या इन्फोनेट संघाचे काम २००४ मध्ये सुरू झाले. २०१५ मध्ये तो आणि अन्य दोन योजना मिळून 'ई-शोधसिंधू' झाली. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने 'एक राष्ट्र एक वर्गणी' ही योजना मंजूर केली. तीनुसार १ जानेवारी २०२५ पासून केंद्र व राज्य शासनांच्या उच्चशिक्षण संस्थांना ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके उपलब्ध झाली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी सुमारे ६,००० कोटी रुपयांची तरतूद करण्यात आली. तथापि या योजनेचा रोख आंतरराष्ट्रीय प्रकाशकांवर आहे. भारतीय भाषांतील वाङ्मयीन नियतकालिके, विशेषतः त्यांचे जुने अंक, बहुतांशी या चौकटीबाहेर राहतात. त्यामुळे ज्याचा एक पाय इंग्रजी समीक्षेत आणि दुसरा मराठी नियतकालिकांत आहे अशा अभ्यासकाला साधनांचा पुरवठा विषम होतो. एका बाजूची सामग्री क्षणात हाती येते, दुसऱ्या बाजूची शोधावी लागते. ही विषमता प्रबंधाच्या युक्तिवादात नकळत उतरू नये, याची जबाबदारी अभ्यासकावरच येते. जे डिजिटल स्वरूपात नाही त्यासाठी आंतरग्रंथालयीन देवघेवीचा मार्ग अद्याप उपयोगी आहे. दिल्लीत १९८८ मध्ये सुरू झालेले 'डेलनेट' हे ग्रंथालयांचे जाळे याच कामासाठी आहे, आणि तेथील मागणीही आपल्या ग्रंथालयामार्फतच जाते.

खात्याविषयी आणखी दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत. एखाद्या संग्रहातून अल्प काळात मोठ्या संख्येने लेख उतरवून घेतल्यास प्रकाशकाची यंत्रणा संपूर्ण परिसराचा प्रवेश रोखू शकते, आणि एकाच्या घाईचा त्रास सर्वांना होतो. दुसरे असे की, संस्थेमार्फत मिळणारा प्रवेश नोंदणीबरोबर संपतो. झोटेरोसारख्या संदर्भव्यवस्थापकात आपल्या नोंदी वेळोवेळी उतरवून ठेवल्यास पदवीनंतर हाती काही उरते. मात्र असा व्यवस्थापक मूळ तालिकेतील चुकाही जशाच्या तशा आणतो, म्हणून प्रत्येक नोंद ग्रंथाच्या शीर्षकपृष्ठाशी ताडून पाहावी.

२. तालिका : एका राजाची अनेक नावे

प्रवेश मिळाल्यावर प्रश्न येतो तो नोंद सापडण्याचा. त्यासाठी तंजावरच्या भोसले राजांच्या दरबारातील नाट्याचे उदाहरण घेता येईल. मराठी, तेलुगू, तमिळ आणि संस्कृत या भाषा तेथे एकाच आश्रयाखाली नांदत होत्या. शहाजी राजाच्या नावावर मराठी नाटके आहेत, त्याचप्रमाणे तेलुगूतील 'पल्लकीसेवाप्रबंधमु' हे यक्षगानही आहे. तौलनिक अभ्यासाला याहून अनुकूल क्षेत्र क्वचितच मिळेल. परंतु या विषयाची सामग्री तालिकांमध्ये शोधू लागताच नावांची फूट दिसू लागते.

१७९८ ते १८३२ या काळात राज्य करणारा दुसरा सरफोजी मराठी ग्रंथांत 'सरफोजी' वा 'शरफोजी', संस्कृत वळणाच्या लेखनात 'शरभोजी' किंवा 'शरभेंद्र', तर इंग्रजी कागदपत्रांत 'सेर्फोजी' असा आढळतो. तमिळच्या मूळ वर्णमालेत स आणि च या ध्वनींना एकच अक्षर आहे. त्यामुळे शास्त्रीय रोमनीकरणाने केलेल्या तमिळ ग्रंथांच्या नोंदीत हेच नाव 'सी' या रोमन अक्षराखाली, म्हणजे 'चरपोजी' असे वाचले जाईल अशा रूपात जाते. स्थळनामाचेही तसेच. 'तंजावर', 'तंजावूर', 'टांजोर' ही रूपे परिचित आहेत, पण तमिळ नोंदीतील रोमन रूपात 'ज'च्या जागी 'च' दर्शविणारे अक्षर असते. घराण्याचा संस्थापक कोठे 'एकोजी', कोठे 'व्यंकोजी'. शिवाय सरफोजी नावाचे राजे दोन आहेत, त्यामुळे एकाच शोधशब्दाखाली दोन व्यक्तींची सामग्री मिसळण्याचा धोकाही राहतो.

या फुटीची कारणे समजून घेतली तर उपायही सुचतात. पहिले कारण रोमनीकरणाचे. भारतीय भाषांतील ग्रंथांची नोंद अनेक ग्रंथालयांत दीर्घकाळ केवळ रोमन लिपीत होत आली. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसची रोमनीकरण-कोष्टके, २००१ मध्ये आलेले आयएसओ १५९१९ हे प्रमाण आणि इंग्रजी वर्तमानपत्रांत रुळलेले ढोबळ लेखन अशा तीन पद्धती शेजारी शेजारी नांदतात. शास्त्रीय पद्धतीत देवनागरीतील अंत्य 'अ' लिहिला जातो. त्यामुळे 'नाटक' हा शब्द इंग्रजी वाचणाऱ्याला 'नाटका' वाटेल अशा अक्षरांत असतो आणि वर्तमानपत्री लेखनाने शोध घेतल्यास तो हुकतो. शब्दाचा आरंभीचा भाग लिहून पुढे तारकाचिन्ह देण्याची सोय बहुतेक तालिकांत असते, तिचा उपयोग येथे होतो.

दुसरे कारण नोंदीच्या रचनेचे. ग्रंथालयांत प्रचलित असलेल्या मार्क २१ या नोंदपद्धतीत मूळ लिपीतील शीर्षक व नाव यांसाठी ८८० क्रमांकाचे स्वतंत्र क्षेत्र आहे. ज्या ग्रंथालयाने ते भरले असेल तेथे देवनागरीत शोध घेता येतो. ज्याने भरले नसेल तेथे तोच ग्रंथ कपाटात असूनही देवनागरी शोधाला दिसत नाही. एकाच संयुक्त तालिकेत दोन्ही प्रकारच्या नोंदी असू शकतात, आणि देवनागरी शोधाला थोडी उत्तरे मिळाली की अभ्यासकाचे समाधान होते, हा यातील खरा धोका आहे. व्यक्तिनामांच्या बाबतीत 'व्हीआयएएफ' ही आंतरराष्ट्रीय नामसूची उपयोगी पडते. निरनिराळ्या राष्ट्रीय ग्रंथालयांनी एका लेखकासाठी स्वीकारलेली रूपे तेथे एकत्र दिसतात. कवितेसाठी 'कुसुमाग्रज' आणि नाटकासाठी 'वि. वा. शिरवाडकर', किंवा 'केशवसुत' आणि 'कृष्णाजी केशव दामले', अशा दुहेरी नामांची जोडणी प्रत्येक तालिकेने केलेली असेलच असे गृहीत धरता येत नाही.

३. देवनागरीच्या आत

रोमन लिपी टाळून केवळ देवनागरीत शोध घेतला तरी प्रश्न संपत नाहीत. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनविषयक नियम १९६२ मध्ये शासनमान्य झाले आणि १९७२ मध्ये त्यांत भर पडली. या नियमांनी अंत्य इकार-उकार दीर्घ झाले व व्युत्पत्तीने येणारे अनुस्वार गेले. म्हणजे १९६२ पूर्वीच्या मुद्रित ग्रंथांची शीर्षके, शीर्षकपृष्ठाप्रमाणे नोंदविली असतील तर, आजच्या लेखनाने सापडणार नाहीत. 'कवि' आणि 'कवी', 'कांहीं' आणि 'काही' ही यंत्राच्या दृष्टीने भिन्न शब्दरूपे आहेत. हिंदी-मराठी तौलनिक अभ्यासात तर हा भेद समकालीनच आहे : मराठीतील 'संस्कृती' दीर्घ, हिंदीतील 'संस्कृति' ऱ्हस्व. परिभाषेतही 'तौलनिक' व 'तुलनात्मक', 'भाषांतर' व 'अनुवाद' अशा जोड्या आहेत आणि त्यांपैकी एकच रूप वापरून घेतलेला शोध अर्धाच राहतो. जुन्या रूपांचा अंदाज घेण्यासाठी शिकागो विद्यापीठाच्या डिजिटल कोशसंग्रहातील मोल्सवर्थचा कोश, दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश आणि तुळपुळे-फेल्डहाउस यांचा प्राचीन मराठीचा कोश खुलेपणाने पाहता येतात.

याहून सूक्ष्म प्रश्न संकेतनाचा आहे. डोळ्यांना एकच दिसणारे अक्षर युनिकोडमध्ये एकाहून अधिक प्रकारे साठविलेले असू शकते. 'ॲरिस्टॉटल' या नावातील आद्याक्षर हे याचे उत्तम उदाहरण होय. 'ॲ' या अक्षराला युनिकोडच्या ५.१ या आवृत्तीत, म्हणजे २००८ मध्ये, स्वतंत्र स्थान मिळाले. त्यापूर्वी ते 'अ'ला चंद्र जोडून किंवा हिंदी वळणाचे 'ऍ' वापरून लिहिले जाई, आणि आजही तसे लिहिले जाते. ही तीन लेखने यंत्राला तीन भिन्न गोष्टी वाटतात. समीक्षेत वारंवार येणाऱ्या 'ऱ्हास' या शब्दातील अर्धा रकारही कळफलकानुसार दोन वेगळ्या पद्धतींनी साठविला जातो. ॲरिस्टॉटलच्या अनुकरणसिद्धांतावर मराठीत काय लिहिले गेले याचा शोध घेणाऱ्याने त्यामुळे आद्याक्षर वगळून नावाच्या उरलेल्या भागाने, किंवा 'अनुकरण' यासारख्या विषयशब्दाने, शोध पुन्हा घेऊन पाहावा.

४. पूर्ण मजकुराचा शोध

अनेक अभ्यासकांची अशी समजूत असते की, डिजिटल प्रत उपलब्ध आहे म्हणजे तिच्यातील मजकूर शोधता येतोच. प्रत्यक्षात डिजिटल प्रत तीन प्रकारची असते. पहिली केवळ छायाप्रत : पानांची चित्रे असतात, त्यांमागे मजकूर नसतो. दुसरी अक्षर-अभिज्ञान केलेली छायाप्रत : यंत्राने चित्रातील अक्षरे ओळखून मजकूर तयार केलेला असतो, पण जुन्या खिळ्यांची छपाई, जोडाक्षरे आणि पुसट अनुस्वार यांमुळे त्यात चुका राहतात. तिसरी संगणकावरच जुळविलेली प्रत. ती सर्वांत निर्दोष असेल अशी अपेक्षा असते, परंतु युनिकोड रुळण्यापूर्वीच्या टंकांत जुळविलेल्या प्रतीत पडद्यावर देवनागरी दिसते आणि त्यामागे साठविलेली असतात ती निरर्थक रोमन अक्षरे व चिन्हे. १९९० च्या दशकातील व त्यानंतरच्या काही वर्षांतील अनेक मराठी प्रबंध या स्वरूपाचे आहेत. त्यांतील ओळ निवडून अन्यत्र चिकटवून पाहिली की प्रकार लगेच ध्यानात येतो. ही साधी चाचणी प्रत्येक नव्या संग्रहात आरंभीच करावी.

छायाप्रतींच्या मोठ्या संग्रहांत नोंदींची स्थिती आणखी बिकट असते. 'डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया' या प्रकल्पात भारतीय भाषांतील ग्रंथांच्या छायाप्रती फार मोठ्या प्रमाणावर तयार झाल्या. त्याचे मूळ संकेतस्थळ आता उपलब्ध नाही, मात्र असंख्य प्रती 'इंटरनेट आर्काइव्ह'वर आहेत. तेथील शीर्षके पुष्कळदा अनियमित रोमन लेखनात आहेत. लेखकाचे नाव गळलेले, वर्ष चुकलेले, भाषा भलतीच नोंदविलेली असेही प्रकार आढळतात. अशा संग्रहात एका नेमक्या शब्दाऐवजी शीर्षकाचे दोन-तीन संभाव्य तुकडे वापरून शोध घेणे श्रेयस्कर ठरते. आयआयटी खरगपूरने उभारलेले आणि २०१८ मध्ये राष्ट्राला अर्पण झालेले 'नॅशनल डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया' हे अनेक संग्रहांतील नोंदी एकत्र दाखविते. मूळ संग्रहातील उणिवा त्यामुळे नाहीशा होत नाहीत.

५. शोधगंगा

पूर्वसंशोधनाच्या आढाव्यासाठी सर्वांत महत्त्वाचे साधन म्हणजे इन्फ्लिबनेटचे 'शोधगंगा' हे प्रबंधभांडार. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमावलीने पीएच.डी. प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत सादर करणे आवश्यक केले. २०१६ आणि २०२२ च्या नियमावल्यांतही ही अट आहे. भांडार खुले असून वाचनासाठी संस्थेच्या खात्याची गरज नाही. सोबतच्या 'शोधगंगोत्री'त नोंदणी झालेल्या संशोधनाचे आराखडे असतात. आपल्या विषयाजवळ आज कोण काम करीत आहे हे तेथून कळू शकते.

शोधगंगेचा उपयोग करताना तिच्या रचनेतून येणाऱ्या मर्यादा ध्यानात ठेवाव्यात. एक : इन्फ्लिबनेटशी करार केलेल्या विद्यापीठांचेच प्रबंध तेथे असतात. दोन : २००९ पूर्वीच्या प्रबंधांचे संगणकीकरण विद्यापीठागणिक कमी-अधिक झाले आहे. तीन : एम.फिल.च्या प्रबंधिका मोठ्या प्रमाणात विभागीय ग्रंथालयांतच राहिल्या, आणि दोन भाषांतील एकेका कृतीची तुलना करणारे पुष्कळ काम या पदवीसाठीच झाले होते. २०२२ च्या नियमावलीने ही पदवी बंद झाली असली तरी ते काम कपाटांत आहेच. चार : प्रबंध प्रकरणवार स्वतंत्र धारिकांत ठेवलेला असतो. संदर्भसूचीची धारिका वेगळी उघडून पाहिल्यास पुढच्या शोधाचे अनेक धागे मिळतात.

नोंदींची भाषा हा येथेही कळीचा मुद्दा आहे. मराठी प्रबंधाचे शीर्षक कोठे देवनागरीत, कोठे रोमनमध्ये, तर कोठे इंग्रजी भाषांतरात दिलेले असते. विषयशब्द बहुधा इंग्रजी असतात. म्हणून शीर्षकशोधावर न थांबता विद्यापीठ आणि विभाग यांच्या मार्गाने जाऊन सर्व शीर्षके क्रमाने चाळणे अधिक भरवशाचे आहे. असे चाळताना केवळ महाराष्ट्र व गोव्यातील विद्यापीठे पाहणे पुरेसे नाही. बनारस हिंदू विद्यापीठ, हैदराबादचे उस्मानिया विद्यापीठ, बडोद्याचे महाराजा सयाजीराव विद्यापीठ येथे मराठीचे विभाग आहेत. शिवाय मराठी कृतींवरील तौलनिक काम हिंदी, इंग्रजी, कन्नड वा तेलुगू विभागांतही होते, आणि जादवपूर विद्यापीठासारख्या ठिकाणी १९५६ पासून तौलनिक साहित्याचा स्वतंत्र विभाग आहे. अशा प्रबंधांच्या नोंदीत 'मराठी' हा शब्द असेलच असे नाही. लेखकाचे नाव असेल, तेही त्या भाषेच्या वळणाने लिहिलेले.

सापडलेल्या प्रबंधाचा संदर्भ देताना ब्राउझरच्या पट्टीतील तात्पुरता पत्ता न देता १०६०३ या आकड्याने सुरू होणारा हँडल-क्रमांक द्यावा. संकेतस्थळाची रचना बदलली तरी हा क्रमांक त्या नोंदीपर्यंत नेतो.

६. अभ्यासक : नोंदीचा कर्ता

येथवर अभ्यासकाचा विचार शोध घेणारा म्हणून केला. परंतु प्रबंध सादर करताना तोच नोंदीचा कर्ताही होतो. शीर्षक, गोषवारा व विषयशब्द यांचा तक्ता बहुधा शेवटच्या दिवशी, मौखिक परीक्षेच्या धावपळीत भरला जातो. आजच्या शोधातील निम्म्या अडचणींचे मूळ अशाच घाईत भरलेल्या जुन्या तक्त्यांत आहे, हे ओळखले तर या कामाकडे कारकुनी उपचार म्हणून पाहता येणार नाही.

शीर्षक मूळ लिपीत, शास्त्रीय रोमनीकरणात आणि इंग्रजी भाषांतरात अशा तिन्ही रूपांत द्यावे. तक्त्यात जागा नसेल तर गोषवाऱ्यात तरी ती रूपे यावीत. विषयशब्दांत तुलनेतील दोन्ही भाषांची, लेखकांची व कृतींची नावे असावीत. मराठी-कन्नड प्रबंधात कन्नड लेखकाचे नाव कन्नड लिपीतही असेल तर कन्नडच्या अभ्यासकालाही तो प्रबंध सापडतो. मजकूर युनिकोडमध्ये जुळवावा आणि अंतिम धारिकेतील एखादा परिच्छेद चिकटवून तो वाचता येतो की नाही हे पाहावे. स्वतःच्या नावाचे एकच रोमन लेखन ठरवून ते ऑर्किड-क्रमांकाशी जोडावे. विवाहानंतर नाव बदलणाऱ्या किंवा टोपणनावाने लिहिणाऱ्या अभ्यासकांचे काम त्यामुळे विखुरत नाही.

खुल्या भांडारात प्रबंध ठेवताना त्यातील परिशिष्टांचाही विचार करावा लागतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या साहित्यकृतीवरील हक्क त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षारंभापासून ६० वर्षे टिकतो. १९५६ मध्ये निधन झालेल्या बा. सी. मर्ढेकरांच्या अशा कृती १ जानेवारी २०१७ पासून मुक्त झाल्या. त्यांच्या समकालीन, पण नंतर निवर्तलेल्या अनेकांच्या तशा नाहीत. समीक्षेपुरती अवतरणे घेण्यास कायद्याची हरकत नाही, मात्र संपूर्ण कविता वा तिचे संपूर्ण भाषांतर परिशिष्टात देण्यापूर्वी अनुमती घ्यावी.

७. समारोप

या विवेचनातून आरंभीच्या विधानाकडे परत जाता येते. 'संशोधन झालेले नाही' हे विधान कोणत्याही तालिकेच्या आधारे सिद्ध होऊ शकत नाही. सिद्ध होऊ शकते ते एवढेच की, अमुक दिनांकापर्यंत अमुक तालिकांत अमुक रूपांनी शोध घेतला असता तसे संशोधन आढळले नाही. यासाठी अभ्यासकाने प्रत्येक शोधाचा दिनांक, तालिकेचे नाव, वापरलेली लिपी व शब्दरूपे आणि मिळालेले उत्तर यांची एक वही पहिल्या दिवसापासून ठेवावी, आणि पूर्वसंशोधनाच्या आढाव्यात तिचा सारांश द्यावा. परीक्षकाला आणि पुढील अभ्यासकाला त्यामुळे शोध कोठे थांबला हे कळते, आणि तेथून पुढे जाता येते.

भाषांमधील संबंध दाखविणे हे तौलनिक साहित्याभ्यासाचे कार्य आहे. दोन भाषांत संबंध नव्हता, एकीने दुसरीची दखल घेतली नाही, असे निष्कर्षही या शास्त्रात मांडले जातात आणि पुढे ते साहित्येतिहासात स्थिरावतात. तंजावरवरील तमिळ ग्रंथ मराठी अभ्यासकाला दिसला नाही, किंवा वाराणसीत लिहिलेला मराठी प्रबंध पुण्यात सापडला नाही, याचे कारण कधी कधी एवढेच असते की, नोंद एका लिपीत झाली होती आणि प्रश्न दुसऱ्या लिपीत विचारला गेला होता. दोन साहित्यांमध्ये मौन होते असे लिहिण्यापूर्वी ते मौन तालिकेचे तर नाही ना, हे तपासून पाहणे अभ्यासकाला आवश्यक ठरते.